विरघळणं वेगळं, वितळणं वेगळं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांना बाजूला ठेवून मी एकच नाव घेईन, ते म्हणजे स्लाऊचे सर. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. आपल्यावर कुणी काही लिहिलंय याचा त्यांना आनंद होणार नाही. ते आधी शुद्धलेखन तपासतील, मग जिथे जिथे तापमान आलं आहे तिथे दाबही दिला आहे का ते पाहतील, आणि नसेल तर चष्मा काढून लेख बाजूला ठेवतील.

मी मेहकरचा. शाळा जिल्हा परिषदेची, कॉलेज तिथलंच, घरातला पहिला पदवीधर. लेस्टरला एम.एस्सी. केलं आणि नोकरी शोधत राहिलो. व्हिसा संपत आला होता. परत गेलो तर घरी काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं, कारण मी गेलो तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले होते. अशात लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे तिथल्या एमआयडीसीतल्या, एका छोट्या कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. ही कंपनी दुसऱ्यांचा माल गोठवून सुकवून देते. तपासणीच्या किटमधली रसायनं, औषधांच्या कुप्या, कधी नाश्त्याच्या सीरियलमध्ये घालायच्या स्ट्रॉबेऱ्या. माल आधी गोठवायचा, मग बंद पेटीतली हवा ओढून घेऊन दाब इतका खाली न्यायचा की बर्फाचं पाणी होतच नाही, सरळ बाष्प होऊन निघून जातं. आकार राहतो, रंग राहतो, वास राहतो. फक्त पाणी जातं.

मुलाखतीला एचआरच्या एक इंग्रज बाई होत्या आणि कोपऱ्यात दोन स्वेटर घातलेले सर. त्यांनी मला मार्कर दिला आणि इंग्रजीत म्हणाले, "पाणी काढा."

एवढंच. मला कळलं. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर दाब. मी तीन रेघा काढल्या, तीन प्रदेश झाले, आणि घाबरलेला माणूस जसा लहानपणच्या भाषेत ओरडतो तशी मी शाळेतली नावं लिहिली. स्थायू, द्रव, बाष्प. देवनागरीत. मागे वळलो तर एचआरच्या बाई फळ्याकडे नक्षीकाम पाहावं तशा पाहत होत्या. मी घाईघाईने पुसायला हात उचलला.

"पुसू नका," सर मराठीत म्हणाले. "त्रिक बिंदू राहिलाय."

इंग्लंडमध्ये आल्यापासून हा शब्द मला कुणी म्हटला नव्हता. जिथे तिन्ही रेघा मिळतात, जिथे बर्फ, पाणी आणि बाष्प एकाच वेळी सुखाने नांदतात, तो बिंदू मी ठळक केला.

"कुठे येतो?"

"सहा पूर्णांक एक मिलिबार."

"तापमान?"

"शून्य पूर्णांक शून्य एक."

"आधी दाब सांगितलात. बरं झालं." मग ते बाईंना म्हणाले की उमेदवाराने नावं स्थानिक भाषेत लिहिली आहेत, बाकी आलेख बरोबर आहे. स्थानिक! बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं. मला नोकरी लागली.

"दाब किती?" हा सरांचा जगाला एकमेव प्रश्न होता. पाणी शंभरला उकळतं असं कुणी म्हणालं की, "दाब किती?" बाहेर शून्य आहे म्हटलं की, "दाब किती?" हॅरोच्या गणपतीला एकदा ते मला घेऊन गेले होते. प्रसादाच्या रांगेत पुण्याचा एक तरुण होता, बँकेत काम करणारा. तो सहज म्हणाला, "काय सांगू काका, क्वार्टर एंडला नुसतं प्रेशर असतं."

"किती?"

"म्हणजे?"

"एकक कोणतंही चालेल."

तो हसला. मग हसायचा थांबला. मग लांबवर कुणाला तरी हात करत निघून गेला.

"बघ," सर मला म्हणाले. "तक्रार सगळे करतात, मोजत कुणी नाही."

त्या संध्याकाळी त्यांच्याशी दुसरं कुणी बोललं नाही. आरती झाली, गप्पांची वर्तुळं झाली, सर दोन वर्तुळांच्या मधल्या जागेत प्रसादाचा द्रोण धरून उभे होते. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "मोदक चांगले होते."

आमच्याकडे देखभालीच्या कामावर एक इंग्रज म्हातारा होता. तो रोज सकाळी सरांना "ऑल राइट?" म्हणून पुढे जाई. या देशात त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. सरांना इतकी वर्षं राहून कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ते थांबत, विचार करत आणि खरंखुरं उत्तर देत. गुडघा बरा आहे, बॅरोमीटर पडतोय, काल झोप उशिरा लागली. तोवर म्हातारा दोन दरवाजे पुढे गेलेला असे. सर रिकाम्या कॉरिडॉरला उत्तर पूर्ण करत.

माणसांची त्यांनी दोन गटांत वाटणी केली होती. "बहुतेक पदार्थ दाबले की घट्ट होतात," ते सांगायचे. "पाण्याचं उलट. बर्फ दाबला तर पाणी व्हायला बघतो. म्हणून तर त्याची रेघ मागे झुकलेली असते." मग माझ्याकडे पाहून म्हणायचे, "तू पाण्यातला. वरून थोडा दाब आला की तुझा चेहरा बघावा." ते खरं होतं. ग्राहकाकडून तक्रारीचा ईमेल आला की तो पुरता वाचायच्या आधीच मी माफी टाइप करायला लागायचो. सर शेजारी येऊन उभे राहत, ईमेल वाचत आणि म्हणत, "यात घाबरण्यासारखं एकच वाक्य आहे आणि तेही चुकीचं आहे. चल, उत्तर लिहू." इंग्रजी पत्र कसं लिहायचं, नाही कसं म्हणायचं, कौन्सिलच्या माणसाशी फोनवर न घाबरता कसं बोलायचं, हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो. माझ्या घरी हे सांगणारं कुणी नव्हतं.

सरांचं ज्या एका माणसाशी रोज भांडण होई ती तन्वी. ती क्वालिटीचं काम पाहायची. जन्म वेम्बलीचा, आजोबा साताऱ्याचे. तिचं मराठी घरात ऐकून आलेलं, त्यामुळे कुठला शब्द तो आणि कुठला ती, हे ती नशिबावर सोडून देई. एकदा एका ग्राहकाचा माल उशिरा पोचला.

"काका, डिलिव्हरी लेट झाली. ती सगळी बर्फ विरघळली."

"तो बर्फ," सर म्हणाले. "आणि वितळला."

"सेम थिंग ना?"

"सेम थिंग नाही. विरघळायला दुसरं कुणीतरी लागतं. साखर विरघळते, कारण चहा असतो. वितळायला कुणी लागत नाही. ते एकट्याला जमतं."

"ओके काका. तो बर्फ एकटा वितळला. कस्टमरला काय सांगू?"

"दाब आणि तापमान सांग."

ते गेल्यावर तन्वी माझ्या टेबलाशी आली. "ही इज सो लोन्ली," ती म्हणाली. "तू जा ना त्याच्याकडे कधी. जेवायला वगैरे."

"त्यांच्याकडे," मी म्हणालो.

"ओ गॉड. तू पण!"

पण मी गेलो. एका रविवारी सकाळी. लँग्लीला त्यांचं घर होतं, जोडघरातलं अर्धं. मूलबाळ नव्हतं, आणि आता काकूही नव्हत्या. काकूंचा फोटो दिवाणखान्यात नव्हता, स्वयंपाकघरात फ्रीजच्या दारावर मॅग्नेटने लावलेला होता, जणू वाणसामानाची यादी. खिचडी झाली, ताक झालं. मग सर उठले आणि गॅरेजमध्ये गेले. मी मदतीला म्हणून मागे गेलो. तिथे एक जुना आडवा फ्रीजर होता. त्यातून त्यांनी आईस्क्रीमचा एक डबा काढला. इथल्या प्रत्येक मराठी घरात असा डबा असतो, ज्यावर व्हॅनिला लिहिलेलं असतं आणि आत काहीही असू शकतं, व्हॅनिला सोडून. त्यांनी तो तिथल्या वजनकाट्यावर ठेवला, आकडा पाहिला.

"थोडी हलकी झाली," ते म्हणाले.

तन्वीचं व्याकरण सुधारणारे सर. डबा असेल तर तो, पुरण असेल तर ते.

आत पुरण होतं. काकूंनी होळीला केलेलं. दोघांसाठी घाट घालायचाच तर थोडं जास्त करावं म्हणून जास्त केलं आणि उरलेलं गोठवलं. "पाडव्याला काढू," म्हणाल्या होत्या. पाडव्याच्या आधीच त्या गेल्या, दुपारी, कपडे वाळत घालताना. तेव्हापासून डबा तिथेच होता आणि सर दर रविवारी त्याचं वजन करत होते.

त्यांनी झाकण उघडून मला उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला हिमाचे बारीक काटे उभे होते.

"हा बर्फ कुठून आला?"

"पुरणातून."

"कसा?"

"संप्लवन, सर. पाणी न होता सरळ बाष्प."

"उणे अठराला. सगळ्यांना वाटतं, एकदा गोठवलं की थांबलं. काही थांबत नाही. हळू होतं एवढंच. मी बघतोय आणि हिने केलेलं पुरण कणाकणाने झाकणावर जातंय."

मग त्यांनी त्यांच्या मनात कधीपासून होतं ते सांगितलं. हे पुरण आपल्या यंत्रात नीट सुकवायचं, हवा काढून पाकिटात बंद करायचं. मग ते खराब होणार नाही, त्यांच्यानंतरही राहील. अडचण गुळाची होती. "फळ्यावर आपण काढतो तो आलेख शुद्ध पाण्याचा," सर म्हणाले. "गुळाच्या पाण्याला तशी ठाम रेघ नसते. ते काचेसारखं घट्ट होत जातं आणि जरा ऊब मिळाली की बसतं. एकदा बसलं की चिकट गोळा. परत पुरण होत नाही." त्यांनी झाकण लावलं. "आणि नमुना एकच आहे. चुकलं तर दुसरा नाही."

जन्मभर लोकांचा माल सुकवलेला माणूस या एका डब्याला हात लावायला घाबरत होता.

"आधी दुसऱ्या पुरणावर करून बघू," मी म्हणालो.

"तुला येतं?"

"पुरण येत नाही. आईला फोन करता येतो."

आईला व्हिडिओवर घेतलं. तिला वाटलं मला भूक लागली आहे. मी सुकवायचं म्हणालो तेव्हा तिने फोन जवळ घेऊन माझा चेहरा नीट पाहिला.

"काहून रे? पुरण का कुरडई आहे का, सुकवाले?"

मी सगळं सांगितलं. तिने फोन पुन्हा लांब धरला.

"त्याईले लेकरू नाही?"

"नाही."

"मंग ऐक. डाळ शिजली की कट सगळा काढजो. गूळ एकदम नको टाकू. आन जायफळ मी सांगतो तेवढंच टाक, आपल्या मनानं कमी करू नको."

छोटं यंत्र शनिवारी रिकामं असायचं आणि वापरायला कंपनीची ना नव्हती. पहिलं पुरण बाहेर आलं ते काकवीला फेस यावा तसं, तपकिरी आणि बोटाला चिकटणारं. "बसलं," सर म्हणाले आणि स्वतःच तबक धुवायला घेतलं. दुसरं बरं होतं, कडेनं बसलं होतं. आम्ही थंडी वाढवत गेलो, घाई कमी करत गेलो. हिवाळा त्यातच गेला. मला आता पुरण उत्तम येऊ लागलं होतं आणि तन्वी शनिवारी काही काम नसताना ऑफिसला यायला लागली होती, कारण उरलेलं पुरण तिला मिळायचं.

मग एका शनिवारी दार उघडलं तर तबकात हलकं, पिवळंधमक, सच्छिद्र पुरण होतं. मी चमच्याने थापताना उठलेले वळसुद्धा जसेच्या तसे. सरांनी वाटीत एक तुकडा घेतला, कोमट पाणी घातलं, ढवळलं आणि चाखलं.

"जायफळ जास्त आहे."

"आई तेवढंच घालते."

"चांगलं आहे. पण हे तुझ्या आईचं आहे." त्यांनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे जमलं."

"जमलं, सर."

मी आनंदाने म्हणालो. त्यांनी ते एखाद्या डॉक्टरचं बोलणं ऐकावं तसं ऐकलं.

पुढच्या शनिवारी सर इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून आले. हातात थर्माकोलचं खोकं, त्यात डबा. मी यंत्रातली फळी आधीच थंड करून ठेवली होती. त्यांनी डब्यातलं पुरण तबकात काढलं. ते डब्याच्याच आकाराचं निघालं, आणि वरच्या अंगाला पालथ्या चमच्याने सारखं केल्याच्या खुणा होत्या. काकूंचा हात मी कधी पाहिला नव्हता. तो डावीकडून उजवीकडे फिरायचा, एवढं त्यावरून कळत होतं.

तबक आत ठेवलं. दार लावलं. सर स्टुलावर बसले.

"पंप सुरू करू, सर?"

ते काचेतून आत पाहत होते. मग म्हणाले, "पाणी कुठे जातं?"

मला वाटलं परीक्षा घेतायत. "कंडेन्सरवर. तिथे पुन्हा बर्फ होऊन बसतं."

"मग?"

"मग आपण डीफ्रॉस्ट करतो."

"मग?"

"मग..." मी थांबलो. "मग ड्रेनमध्ये."

हीथ्रोला उतरणारं एक विमान छतावरून गेलं. ते जाईपर्यंत सर थांबले.

"इतकी वर्षं मी ते पाणी सोडून देतोय," ते म्हणाले. "माल महत्त्वाचा, पाणी काढून टाकायचं. पण हे बघ. डाळ दुकानातली, गूळ दुकानातला, वेलदोडे दुकानातले. यात घरचं काय आहे? हिने नळाखाली पातेलं धरलं, अंदाजाने. पुरे म्हणाली आणि नळ बंद केला. ते तेवढं पाणी हिचं."

मी बटणावरचा हात काढून घेतला.

"आणि मी तेच ड्रेनमध्ये सोडणार," सर म्हणाले. "काढ बाहेर."

गाडी मला चालवायला दिली. पुरण पुन्हा डब्यात भरलं होतं आणि डबा त्यांच्या मांडीवर होता. टायची गाठ त्यांनी सैल केली. ट्रॅफिक लाइटला थांबलो की ते झाकणाला हात लावून पाहत. घरी पोचेपर्यंत कडा मऊ झाल्या होत्या.

कढईत मंद आचेवर पुरण ठेवलं. पोळ्या दोघांपैकी कुणालाच येत नव्हत्या. सरांनी ब्रेडचे स्लाइस टोस्टरमध्ये टाकले, दोन ताटल्या घेतल्या, पुरणाचे दोन सारखे वाटे केले. टोस्टवर पुरण, वर तूप. मी म्हणालो, "सर, मला थोडंच द्या, हे तुमचं आहे." त्यांनी ऐकलं नाही. माझी ताटली माझ्यापुढे सरकवली आणि मी घास घेईपर्यंत स्वतः घास घेतला नाही.

"फ्रीजरचा वास लागलाय," ते म्हणाले.

"हो."

"वरचा थर कोरडा पडलाय."

"हो, सर."

"हिचं पुरण असं नसायचं. याहून फार चांगलं असायचं."

"हो, सर."

ते सगळं खाल्लं. कढई चमच्याने खरवडली, मग बोटाने. सरांनी डबा गरम पाण्याने धुतला, पुसला आणि ते मागच्या दारी रीसायकलिंगच्या बिनमध्ये टाकायला निघाले.

मला राहवलं नाही. "ठेवायचा नाही?"

"व्हॅनिलाचा आहे," सर म्हणाले.

त्यानंतर वर्षभरात ते निवृत्त झाले आणि मी लेस्टरला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागलो. त्यांना फोन करून उपयोग नसतो. काय काम आहे ते विचारतात आणि काम नसेल तर ठेवून देतात. रविवार सकाळ ते आता कशी घालवतात, मला माहीत नाही. गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं.

*

ती. सर यांस,

सा. न. वि. वि.

इथे आता रुळलो आहे. कामाच्या जागी तक्रारीचा ईमेल आला तर आधी दोनदा वाचतो, मग उत्तर लिहितो. परवा एका नवीन मुलीला तसंच शेजारी बसवून दाखवलं. ती नांदेडकडची आहे. तिने मला विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात. मी तुमचं नाव सांगितलं. आभाराचं वाक्य लिहायला बसलो की मला ते खोटं वाटतं, म्हणून आजवर लिहिलं नाही. आजही एवढंच लिहितो की जे काही मला येतं त्यातलं बरंचसं तुमचं आहे.

पत्राचं कारण वेगळं आहे. आईला व्हिसा मिळाला. पहिल्यांदाच विमानात बसते आहे. होळीला इथे असेल आणि पुरणपोळ्या ती करणार आहे. जायफळ कमी घाल, असं मी तुमच्या वतीने सांगून पाहिलं. ती म्हणाली, ज्याईले कमी लागते त्याईनं समोर येऊन सांगावं. तन्वीही येणार आहे.

डबा भरून पाठव, असंही मी म्हणून पाहिलं. त्याला तिने साफ नाही म्हटलं. गरम पोळी ताटात पडली पाहिजे, म्हणाली, डब्यातली ती पोळी नव्हे.

तेव्हा तुम्हीच या. होळी रविवारी आहे, शनिवारी सकाळी निघा, पॅडिंग्टनला उतरून सेंट पँक्रसला या, तिथून लेस्टरची थेट गाडी आहे. मी स्टेशनवर थांबतो. परतीचं तिकीट आत्ताच काढू नका. आई एका दिवसात कुणाला जाऊ देत नाही.

आपला,
लेस्टरहून